चाकांच्या घरातला सरकारी उंदीर

रविवारी सकाळी सुनीतीने चहासाठी साखरेचा डबा फळीवरून काढला आणि होता तिथेच परत ठेवला. मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "अहो, इकडे या."

गुरुदास पेडणेकरच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. बायकोचा आवाज चढला तर घाबरायचं कारण नसतं, तो उतरला की घाबरायचं, एवढं शिक्षण त्याचं पुरं झालेलं होतं. टूथपेस्टचा फेस तोंडात तसाच घेऊन तो धावत आला.

"डब्याच्या मागे बघा."

डब्याच्या मागे पाच काळ्या लेंड्या होत्या.

"मिरी असतील," गुरुदास म्हणाला.

"मग घाला चहात."

गुरुदास चूळ भरायला बाहेर गेला, तो बराच वेळ आत आला नाही. साध्या माणसाच्या घरात उंदीर शिरला तर तो फार तर पिंजरा लावील. पण गुरुदास साधा माणूस नव्हता, तो सरकारी ओव्हरसियर होता. आणि त्याचं घरही साधं नव्हतं, त्याला चाकं होती.

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. समुद्र दरवर्षी किनारा किती खातो हे मोजायचं सरकारच्या मनात आलं आणि ते काम गुरुदासच्या गळ्यात पडलं. पावसाळ्यात किनारा मोजणार कोण? म्हणून दिवाळी झाली की जीपच्या मागे जोडून एक पत्र्याची चाकांवरची खोली मालवणजवळच्या त्या वाडीत यायची, ती होळीपर्यंत काशीबाईंच्या माडांखाली उभी राहायची. बारा फूट लांब, सात फूट रुंद. आत दोन बाकं, एक टेबल, स्टोव्ह ठेवायला कट्टा आणि नकाशांची लाकडी पेटी. कागदोपत्री तिचं नाव 'निवासी वाहन' असं होतं. वाडी तिला 'चाकांचा घर' म्हणायची. सुनीती कणकवलीच्या शाळेत शिकवत होती. नाताळची सुट्टी लागली की ती नवऱ्याकडे राहायला यायची, आणि माहेरच्या सांगलीला पत्र लिहायची की आम्ही समुद्रकाठच्या बंगल्यात आहोत.

उंदराची भीती वाटायला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात याच खोलीत एका उंदराने सात नंबरचा नकाशा अर्धा खाऊन टाकला होता. नकाशे काढायचं ते कापड खळ घालून कडक केलेलं असतं, आणि उंदराला ते पापडासारखं लागत असावं. त्यावर सरपोतदार साहेबांनी मेमो दिला. 'ज्या कर्मचाऱ्यास एका उंदरावर नियंत्रण ठेवता येत नाही, त्याजकडून समुद्राची मोजणी कशी अपेक्षावी?' असं त्यात लिहिलं होतं. तोंडी त्यांनी एवढंच सांगितलं, की पुन्हा एक जरी नकाशा खराब झाला तरी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली करीन. तीन वर्षं नवरा एका गावी आणि बायको एका गावी असं काढल्यावर आत्ता कुठे कणकवलीत दोघांचा संसार एका छपराखाली आला होता. आणि साहेब नकाशे न्यायला येत्या बुधवारी येणार होते.

"बुधवारपर्यंत एकही उंदीर आत येता कामा नये," गुरुदासने जाहीर केलं.

"येता कामा नये म्हणजे? आलाय तो!" सुनीती म्हणाली.

"आला असेल, गेला असेल. आता परत येणार नाही."

जागेची मालकीण काशीबाई आपलं मांजर काखेत घेऊन बघायला आली. लेंड्या तिने नीट न्याहाळल्या, आणि तिला चांगलाच राग आला.

"हो उंदीर आमच्या वाडयेतलो न्हय! आमचे उंदीर माडार रवतत, शहाळी खातत. तेंका तुमची साखर कित्याक होयी? हो सरकारी उंदीर. कचेरीच्या आवारातसून तुमच्या गाडयेबरोबर इलेलो."

"काकी, उंदराक काय सरकारी आणि खाजगी?"

"बग तर लेंडी! कशी आरामात बसान घातलेली आसा ती!"

मांजर आत सोडलं. त्याने दुपारपर्यंत बाकावर झोप काढली, उठून तळलेल्या बांगड्याची एक तुकडी उचलली आणि ते घरी गेलं.

सोमवारी जीपचा ड्रायव्हर हाफिज आला. हाफिजच्या घरात तीन पिढ्या होड्या होत्या. खोलीभोवती एक चक्कर मारून त्याने ठिकठिकाणी फटींत बोट घालून बघितलं.

"भाऊ, होडयेक भेगो पडल्यार आमी काय करतो? कापूस आणि राळ ठोकून बसवतो, वयसून माशाचा त्याल मारतो. दर्यो भितुर येणा नाय, थय उंदीर खंयसून येतलो?"

गुरुदासला हे एकदम पटलं. दोघे कामाला लागले. छपराच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी, तळाचे सांधे, जिथे म्हणून काडी जाईल तिथे कापूस गेला. खिडक्यांवर तर गुरुदासने बाहेरून जाळी मारून खिळे ठोकले. मग हाफिजच्या चुलत्याकडून आणलेलं माशाचं तेल ब्रशने सगळीकडे फासलं. गुरुदास खोलीखाली उताणा पडून सांधे भरत होता, तेव्हा सुनीती वाकून काहीतरी विचारत होती.

"अहो, ऐकताय का? मी काकींकडे नेऊन ठेवू का?"

"हो, हो."

"मागाहून म्हणाल मला विचारलं नाही."

"ने गं, काय न्यायचं ते ने!" डोळ्यात राळ जात असलेला माणूस आणखी काय म्हणणार? संध्याकाळी त्याने पेटीला नवं कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. पेटीत डोकावून बघायचं काही त्याला सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी दोन गोष्टी झाल्या. आत बिस्किटांचा पुडा कुरतडलेला सापडला. आणि बाहेर माशाच्या तेलाच्या वासाने वाडीतली नऊ मांजरं खोलीभोवती पंगत धरून बसली, त्यांच्याबरोबर लाल मुंग्यांच्या रांगाच्या रांगा चाकांवरून वर चढायला लागल्या. दुपारपर्यंत मुंग्या स्टोव्हवर, अंथरुणात आणि गुरुदासच्या पायजम्यात होत्या.

"तो आतच आहे हो," सुनीती बिस्किटाचा पुडा पुढे धरून म्हणाली.

"कुठलीतरी फट राहिली असेल," गुरुदास मांडी खाजवत म्हणाला, आणि आणखी कापूस कोंबायला गेला.

मुंग्यांचं औषध त्याला काशीबाईच्या स्वयंपाकघरात मिळालं. तिथे एक जाळीचं कपाट होतं. दूध, गूळ, बिटक्यांच्या, म्हणजे बारक्या आंब्यांच्या, लोणच्याची बरणी, सगळं त्यात. कपाटाचे चारही पाय पाणी भरलेल्या चार वाट्यांत ठेवलेले होते. अशी कपाटं गुरुदासने जन्मभर बघितली होती, त्याच्या आईचंही तसंच होतं. पण त्या दिवशी त्याने ते कपाट असं बघितलं, की काशीबाईने घाबरून कपाटापुढे हात आडवे धरले.

"काकी, माज्या घराक पाय किती?"

"चाका दोन."

"आणि पुढे-मागे लोखंडी टेकू दोन. म्हंजे चार! मुंगी येवची नाय आणि उंदीरय येवचो नाय!"

हाफिज जवळच्या कट्टा गावच्या बाजारात जाऊन चार मोठी घमेली घेऊन आला. जीपच्या जॅकने खोली एकेक बाजूने उचलली, चाकांखाली आणि टेकूंखाली घमेली सरकवली आणि विहिरीचं पाणी ओतलं. एवढं सगळं होईपर्यंत वाडीतली अर्धी माणसं कामधंदा सोडून बघायला जमली होती. काम झाल्यावर सगळे दोन पावलं मागे सरले. सरकारचं निवासी वाहन चार घमेल्यांत पाय बुडवून उभं होतं. गुरुदासचा ऊर भरून आला. सुनीतीने डोक्यावर पदर घेतला, ऊन नव्हतं तरी.

"एक रवला," काशीबाई म्हणाली. "ह्या जाग्याच्या राखणदार देवाक तू इचारलंस? दोन वर्सा झाली, साधो नारळ दिलंस नाय. मगे उंदीर येतले नाय तर काय जावई येतले?"

नारळ आला. काशीबाई माडाखाली हात जोडून उभी राहिली, तिच्यामागे गुरुदास आणि हाफिज.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या ओव्हरशेरान तुका न इचारता तुज्या जाग्यार चाकांचा घर हाडून ठेवल्यान. लेकराची चूक झाली ती पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"जी काय उंदराची पीडा आसा, ती जयसून इली थय सुखान परत धाड! वाटसराच्या पायान धाड नायतर गाडयेच्या चाकान धाड, पण धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हाफिजचा आवाज सगळ्यांत मोठा होता. साखर-खोबरं खाऊन तो दुसऱ्या दिवशी साहेबांना आणायला कणकवलीला निघून गेला.

बुधवारी अकरा वाजता जीप आली. सरपोतदार साहेब उतरले, आणि पहिल्यांदा त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग त्यांनी मांजरं मोजली. मग घमेल्यांकडे बघितलं.

"पेडणेकर, हे काय आहे?"

"प्रतिबंधक उपाययोजना, साहेब."

"वाहनाचे पाय धुताय की काय?"

"एक मुंगी आत येऊ शकत नाही, साहेब. उंदराची तर बातच सोडा. आपण आत येऊन स्वतः पाहणी करावी."

साहेब पाहणी करायला आत गेले. साहेब म्हणजे वजनदार माणूस, आणि हे मी हुद्द्याबद्दल बोलत नाही. ते मागच्या बाकावर टेकले तेव्हा खोली जराशी कुरकुरली, पण चहाच्या गडबडीत कोणाचं लक्ष गेलं नाही. वारं होतं म्हणून सुनीतीने स्टोव्ह विझू नये यासाठी दार लावून घेतलं.

गुरुदासने करगोट्याची किल्ली काढली, पेटीचं नवं कुलूप उघडलं आणि झाकण उचललं.

पेटीत मोजणीची साखळी होती, पितळी दुर्बीण होती आणि कोपऱ्यात नकाशांच्या कापडाच्या चिंध्यांचं मऊ गरगरीत घरटं होतं. घरट्यात एक जाडजूड उंदीर बसला होता. पेटीच्या मागच्या फळीला त्याने आपल्यापुरतं दार पाडून घेतलं होतं. तीन दिवस बाहेर जायला वाट शोधून शोधून तो बिचारा कंटाळलेला होता. झाकण उघडलेलं बघताच त्याने जी उडी मारली ती थेट साहेबांच्या मांडीवर.

"ओय ओय ओय!" असा आवाज आला. कचेरीत साहेबांचा असा आवाज आजवर कोणी ऐकलेला नव्हता. दुसऱ्या क्षणी साहेब टेबलावर उभे होते, बुटांसकट, डोकं छपराला टेकवून. कपबशी खाली पडली. उंदीर स्टोव्हच्या कट्ट्यावरून खिडकीत गेला, तिथे जाळी. छपराच्या कोपऱ्यात चढला, तिथे कापूस. तळाशी आला, तिथे राळ. कुठूनही बाहेर जायला मार्ग नाही म्हटल्यावर तो पुन्हा टेबलाच्या पायाशी आला.

"दार उघडा! आधी दार उघडा!" साहेब ओरडले, आणि टेबलावर त्यांनी पाय आपटला.

तेवढं निमित्त पुरलं. मागच्या टेकूखालचं घमेलं रात्रभर पाण्याने भिजलेल्या वाळूत आधीच रुतलं होतं. टेकू घमेल्याचं बूड फोडून खाली गेला, खोली एका अंगावर कलली आणि दाराची चौकट वाकडी होऊन दार घट्ट बसलं. गुरुदासने खांदा मारला, सुनीतीने लाथ मारली, दार हललं नाही.

"काकी! हाफिज! दार उघडना नाय!" गुरुदास आतून ओरडला.

"माज्या कर्मा!" काशीबाई बाहेर कपाळावर हात मारून म्हणाली. "भितुर कोण कोण आसा?"

"मी, ही, साहेब आणि उंदीर!"

"हाफिजा, धाव! सायब आणि उंदीर एकाच पेटयेत!"

हाफिज जॅक आणायला धावला. आत गुरुदासला उंदराचं भान नव्हतं आणि साहेबांचंही नव्हतं. तो पेटीपाशी बसला होता, आणि त्याच्या मुठीत कापडाच्या चिंध्या होत्या. एका चिंधीवर त्याच्याच अक्षरातला सातचा आकडा दिसत होता. दोन महिने उन्हात साखळी ओढली होती. कणकवलीची ती दोन खोल्यांची जागा, दारातली तगर, संध्याकाळी सुनीती शाळेतून यायची ती वेळ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला खरंच रडू आलं.

"अहो, ऐका तरी," सुनीती म्हणत होती.

"संपलं गं सगळं."

"अहो, ते मागच्या वर्षीचं—"

"बाई, तो तुमच्या पायाशी आहे!" साहेब किंचाळले. सुनीतीने पायाशी बघितलं, हातातली चहाची गाळणी त्या दिशेने फेकली आणि उंदराला बाकाखाली पिटाळलं. चौथीच्या वर्गात पन्नास पोरं सांभाळणारी बाई ती. तिला एका उंदराचं काय?

हाफिजने जॅक लावला. खोली कुरकुरत सरळ झाली आणि काशीबाईने बाहेरून असं काही खेचलं की दार तिच्या हातात आलं. उंदीर बाणासारखा बाहेर पडला. तो नऊ मांजरांच्या मधून गेला. दोन दिवस तेल चाटून सुस्तावलेल्या त्या मांजरांपैकी एकाने फक्त शेपटी थोडी बाजूला घेतली.

त्याच्यामागून साहेब उतरले. जमिनीवर पाय लागल्याबरोबर त्यांचा आवाज परत आला.

"पेडणेकर! नकाशे कुठे आहेत?"

गुरुदासने मूठ उघडली.

"नकाशे काकींच्या कपाटात आहेत," सुनीती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सोमवारी नेऊन ठेवले. ह्यांना विचारून ठेवले. 'ने गं, काय न्यायचं ते ने' असं हे खोलीखालून म्हणाले. आणि ह्या चिंध्या मागच्या वर्षीच्या आहेत. तो अर्धा उरलेला सात नंबर आणि त्याला टाचलेला तुमचा मेमो, दोन्ही ह्यांनी पेटीत जपून ठेवले होते. आता दोन्ही गेले."

गुरुदास धावतच काशीबाईच्या स्वयंपाकघरात गेला. चार वाट्यांत उभ्या असलेल्या त्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात, गूळ आणि लोणच्याच्या बरणीच्या मागे, नकाशांची गुंडाळी तिरकी बसवलेली होती. त्याने ती उलगडली. एक, दोन, तीन, करत बाराच्या बारा नकाशे होते. त्याचा जीव असा भांड्यात पडला की तो तिथेच चुलीपाशी खाली बसला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. काशीबाईने त्याला पाणी दिलं. गुरुदासने ते पाणी न पिता डोक्यावरच ओतून घेतलं.

साहेबांनी ओसरीवर बसून नकाशे एकेक करून तपासले. सातव्या नकाशावर ते थांबले. ऐन समुद्रात एक पिवळट, गोल डाग होता.

"हा खडक आहे?"

खोटं बोलायचं त्राण गुरुदासमध्ये उरलं नव्हतं. "नाही साहेब. लोणचं आहे."

साहेबांनी नकाशा नाकाशी नेला. "आंब्याचं?"

"बिटक्यांचा," काशीबाई म्हणाली. "दोन वर्सांचा मुरलेला आसा. सायबांका होया?"

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. "पेडणेकर, मघाशी आत जे झालं..."

"काय झालं, साहेब? मला तर काहीच आठवत नाही."

"मलाही नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. पावतीवर त्यांनी शेरा लिहिला : 'नकाशे एकूण बारा, पूर्ण व सुस्थितीत मिळाले. क्रमांक सात किंचित तेलकट.' खाली सही केली. गुरुदासने ती पावती घडी करून खिशात घातली आणि वरून दोनदा चापपून बघितली.

नकाशे काशीबाईच्या पत्र्याच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावलं गेलं. तो डबा साहेबांनी मांडीवर घेतला, पायाशी लोणच्याची छोटी बरणी. ओसरीवरून तिघांनी हात जोडले. हाफिजने जीप चालू केली आणि वळवून घेतली.

तेव्हा गुरुदासला दिसलं. माशाचं तेल नाही, मांजरं नाहीत, चाकांखाली पाणी नाही, अशी त्या आवारात एकच जागा उरली होती. जीपच्या मागच्या सीटखालून एक लांब शेपूट बाहेर आली होती, आणि ती अगदी निवांत हलत होती.

गुरुदासने ओरडायला तोंड उघडलं. सुनीतीने त्याचा हात धरला.

"डब्याचं झाकण घट्ट आहे ना?"

"आहे."

"पावती खिशात आहे?"

"आहे."

"मग सांगू नका."

जीप धुरळा उडवत कणकवलीच्या, कचेरीच्या दिशेने निघून गेली. काशीबाईने ती शेपूट दिसेनाशी होईपर्यंत बघितली, मग माडाकडे वळून भक्तिभावाने हात जोडले.

"जयसून इलो, थय गेलो!"

"व्हय म्हाराजा!" गुरुदास आणि सुनीती एकदमच म्हणाले.